गिटलनं शिवलेला कोट

मी कोट आहे. जाड लोकरीचा, राखाडी, गुडघ्यांच्या खाली पोचणारा. सिंगापुरात माझ्यासारख्याला काही काम नाही. इथे माणसं पंख्याखाली बसूनही घामाघूम होतात. पण मी बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, नवव्या मजल्यावर, एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर आहे. तिचं नाव हाना. वय ब्याऐंशी. तिला थंडी वाजते. ती थंडी इथली नाही.

मी मराठीत बोलतोय याचं नवल वाटू देऊ नका. माझा जन्म जर्मनीतला असला तरी आयुष्य मराठी घरात गेलं. ते कसं, हे ओघानं येईलच.

कोट होण्याआधी मी ब्लँकेट होतो, अमेरिकन सैन्याचं. युद्ध संपलं तेव्हा युरोपात जे थोडे ज्यू जिवंत उरले होते, त्यांना परत जायला घर नव्हतं. त्यांच्यासाठी दक्षिण जर्मनीत छावण्या उघडल्या. आमची छावणी म्हणजे पूर्वीच्या जर्मन शिपायांच्या बराकी. एकेका खोलीत चार-चार कुटुंबं, आणि मध्ये आडोसा काहीच नाही. मग दोऱ्या बांधून आम्हालाच टांगलं. मी भिंत झालो. माझ्या अलीकडे लाइझर, त्याची बायको गिटल आणि त्यांची पाच वर्षांची हाना. पलीकडे मोटल नावाचा एकटा माणूस.

माझ्यासारख्या भिंतीला सगळं ऐकू येतं. मोटल झोपेत त्याच्या मुलींना हाका मारायचा. त्या मुली आता कुठेच नव्हत्या. मग लाइझर मुद्दाम मोठ्यानं खोकायचा, म्हणजे मोटलला जाग येईल आणि आपलं कुणी ऐकलं असं त्याला वाटणारही नाही. पुढे पुढे लाइझरचा तो खोकला मुद्दामचा राहिला नाही.

लाइझर आणि गिटल पोलंडच्या एका लहान गावातले. जर्मन आले तेव्हा ते पूर्वेकडे रशियात पळाले. हानाचा जन्म समरकंदचा. युद्ध संपल्यावर तिघं गावी परत गेली आणि आपल्याच घराचं दार ठोठावलं. दार उघडणाऱ्या अनोळखी बाईनं गिटलच्या आईचा एप्रन घातला होता. ती म्हणाली, "तुम्ही अजून जिवंत आहात?" गिटल ही गोष्ट कुणाला सांगायची, तेव्हा तिचा आवाज चढायचा नाही. उलट इतका बारीक व्हायचा की ऐकणाऱ्याला वाकावं लागायचं.

छावणीत सकाळ रांगेनं उजाडायची. पाव, पातळ सूप, अंड्याची भुकटी, डब्यातलं मांस. उपाशी कुणी मरत नव्हतं, पण रोज तेच खाऊन आणि रोज रांगेत उभं राहून माणसं कंटाळायची, चिडायची, मग चिडल्याची लाज वाटून गप्प बसायची. गिटल पावाचा एक तुकडा नेहमी बाजूला ठेवायची. कशासाठी, असं लाइझरनं विचारलं की म्हणायची, "असाच."

स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर कागदच कागद चिकटवलेले असायचे. अमक्या गावची अमकी, आपल्या भावाला शोधते आहे. तमका, आपल्या आईला. गिटल रोज तिथे जाऊन बोट फिरवत वाचायची. छावणीत नवा माणूस आला की त्याच्या हातातलं बोचकं खाली ठेवायच्या आत त्याला गराडा पडायचा. तुम्ही कुठले? तिथे कुणाला पाहिलंत? आमच्या पेसियाला पाहिलंत? पेसिया ही गिटलची धाकटी बहीण. तिला कुणीच पाहिलं नव्हतं.

आणि तरीही लग्नं होत होती. एकच पांढरा पोशाख होता. तो धुऊन, आत-बाहेर करून दर आठवड्याला नव्या नवरीला द्यायचे. बाळं जन्माला यायची आणि मेलेल्यांची नावं त्यांना ठेवायचे. त्यामुळे छावणीत रांगणाऱ्या पोरांना आजोबांची नावं होती. एक शाळाही होती. हाना तिथे जाऊन गाणी शिकायची आणि माझ्याआडून मोटलला म्हणून दाखवायची. मोटल म्हणायचा, "पुन्हा म्हण." दर वेळी एवढंच.

सगळ्यांना निघायचं होतं, पण कुठल्याच देशाला हे लोक नको होते. मग लाइझरचा एक चुलतभाऊ अमेरिकेत, क्लीव्हलँडला असल्याचं कळलं आणि त्यानं या तिघांची हमी घेतली. त्या दिवशी गिटलनं मला दोरीवरून उतरवलं.

"भिंत काढलीस," मोटल म्हणाला. "आता मला तुमचा संसार बघत बसावं लागणार."

"बघ. दृष्ट लावू नकोस म्हणजे झालं," गिटल म्हणाली. "क्लीव्हलँडला फार थंडी असते म्हणतात."

छावणीतल्या शिवणवर्गात तिनं मला बेतलं. पिठाच्या पोत्याचं कापड खिशांना आतून लावलं. बटणं एका जर्मन शिपायाच्या कोटाची, ती तिनं उकळत्या पाण्यात तीनदा धुतली होती. मी अंगावर चढलो तेव्हा ती लाइझरसमोर गोल फिरली. लाइझर हसायला लागला, आणि हसता हसता त्याला असा खोकला लागला की तो खाटेवर बसला.

छावणीच्या डॉक्टरनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. फुप्फुसावर डाग आहे. क्षय. वकिलातीचे डॉक्टर एक्स-रे काढतात, आणि डाग दिसलेल्या माणसाला अमेरिका घेत नाही.

मोटलनंच विषय काढला. "आपण दोघं एका उंचीचे. चेहरे तर इथे सगळ्यांचेच सारखे झालेत. तुझ्या नावानं मी उभा राहतो. माझी छाती साफ आहे."

"पकडला गेलास तर तुझेही कागद जातील," गिटल म्हणाली.

"मला कुठे जायचंय? माझी वाट बघणारं कुणी नाही."

तपासणीला सगळ्या कुटुंबानं एकत्र यायचं होतं. गिटलनं हानाचे केस विंचरता विंचरता तिला समजावलं. आज मोटलकाकाला पापा म्हणायचं. हा एक खेळ आहे. घरी आलो की खेळ संपला. हानानं मान डोलावली. ती शहाणी मुलगी होती.

मी गिटलच्या अंगावर होतो. हानानं मोटलचा हात नीट धरला होता. नाव विचारलं, मोटलनं लाइझरचं नाव सांगितलं. गाव विचारलं, तेही बरोबर सांगितलं. एवढ्यात तिथल्या परिचारिकेनं हानाला जवळ घेतलं. बाई मनानं चांगली होती, आमच्या लोकांची यिडिश भाषा बोलायची. तिनं हानाला चॉकलेट दिलं आणि सहज विचारलं, "पापा आवडतो ना गं तुला?"

"हो," हाना म्हणाली. "पण त्याला खूप खोकला आहे. तो खोलीत झोपलाय."

परिचारिकेचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं ऐकलं नाही असं दाखवायचा प्रयत्नही केला, पण टेबलामागच्या माणसालाही यिडिश कळत होतं.

कागद रद्द झाले. मोटलचेही. लाइझरला क्षयाच्या इस्पितळात हलवलं. तिथे मुलांना आत सोडत नसत. गिटल हानाला खाली अंगणात उभं करायची आणि वरच्या खिडकीतून लाइझर हात हलवायचा. तो रोज ओरडून काहीतरी विचारायचा. वाऱ्यात ते ऐकू यायचं नाही. हानाही उत्तर द्यायची नाही. तपासणीच्या दिवसापासून ती बोलायचीच थांबली होती.

गिटलनं तिला मारलं नाही, रागावलीही नाही. तुझी चूक नाही, असंही म्हणाली नाही. तो विषय तिनं कधी काढलाच नाही. तिला वाटलं असेल, न बोलल्यानं पोर विसरून जाईल. मी त्या पोरीला माझ्या आत गुंडाळून घेतलेलं आहे. ती विसरली नव्हती.

लाइझर हिवाळा संपता संपता गेला. त्याच वर्षी छावणी रिकामी व्हायला लागली. मोटल आम्हाला ट्रकपर्यंत सोडायला आला होता. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

आम्ही बोटीनं इस्रायलला गेलो. आधी तंबू, मग लोद गावात एक खोली. हाना हळूहळू बोलायला लागली, पण मोजकंच. कुणी काही विचारलं की आधी आईच्या तोंडाकडे बघायची.

काही वर्षांनी त्याच गल्लीत कोकणातून आलेली ज्यू कुटुंबं राहायला आली. पेण, रेवदंडा, अलिबागकडची. बेने इस्रायल. पिढ्यानपिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवलेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, आणि घरात मराठी बोलणारी माणसं. त्यांच्यातल्या एलियाहू पेणकरशी हानाचं लग्न झालं. तो बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या आईला हिब्रू येत नव्हतं. "अगो, वरणात मीठ घातलंस काय?" असं ती विचारायची आणि हाना तिच्या तोंडाकडे बघत राहायची. वर्षभरात हाना उत्तरं द्यायला लागली. मग तर घरात मराठीशिवाय बोलेना. एलियाहूनं एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "या भाषेत माझं अजून काही वाईट झालेलं नाही."

गिटल गेली तेव्हा हानानं मला कपाटात ठेवलं. लोदच्या उन्हात मला कोण घालणार? तिचा मुलगा रूबेन वाढला, इंजिनिअर झाला, नोकरीसाठी सिंगापूरला आला. इथे त्याला पुण्याची अनुया भेटली. बँकेत अकाउंट्समध्ये होती. इस्रायलहून आलेला हा मुलगा "जरा सरकता का?" असं मराठीत म्हणाला म्हणून तिला हसू फुटलं, आणि पुढे लग्न झालं. एलियाहू गेल्यावर रूबेननं आईला इथेच आणलं. हानाच्या बॅगेत मी होतो.

पहिली वर्षं बरी गेली. सासू-सुना बसनं लिटिल इंडियात जायच्या. ताजं खोबरं, कढीपत्ता, जाड पोहे. हाना कोथिंबीर हुंगून परत ठेवायची आणि अनुयाला लाजल्यासारखं व्हायचं. दोघी घरी येऊन चहा पीत पाय वर घेऊन बसायच्या.

मग हानाच्या डोक्यातली वर्षं एकेक करून गळायला लागली. आधी सिंगापूर गळालं, मग लोद. खाली छावणी होती. ती तशीच शाबूत होती.

एके दिवशी तिनं मला कपाटातून काढून अंगात घातलं आणि ती खाली गेली. लिफ्टजवळ कॉन्डोचा सूचना-फलक आहे. तिथे ती बोट फिरवत वाचत उभी राहिली. मला ते बोट ओळखू आलं. गार्ड जवळ आला. "आंटी, स्विमिंग पूल क्लोज्ड मंडे ओन्ली लाह. ट्यूजडे ओपन." हानानं त्याला विचारलं, "तुम्ही कुठले? आमच्या पेसियाला कुठे पाहिलंत?" तो बिचारा तिला हाताला धरून वर घेऊन आला.

नंतर माझ्या खिशात पाव साठायला लागला. बुरशी यायची, मुंग्या यायच्या. अनुया तो काढून टाकायची आणि त्या जागी ताजा तुकडा ठेवायची, म्हणजे हानानं चाचपून बघितलं तर खिसा रिकामा लागू नये. त्या मुलीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

आणि यंदा खोकला आला. हाना वाळत चालली. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा रूबेननं रजा टाकली आणि दोघं तिला इस्पितळात घेऊन गेली. मला काढायला ती तयार नव्हती. टॅक्सीत एसी असूनही तिच्या घामानं मी भिजलो.

काउंटरवरची मुलगी प्रेमळ होती. सगळं नीट चाललं होतं. मग ती म्हणाली, "आंटी, यू गो फॉर चेस्ट एक्स-रे फर्स्ट, ओके?" आणि रूबेनकडे बघून हसत विचारलं, "धिस वन युअर सन, आंटी?"

हानानं त्या मुलीकडे बघितलं. मग तिनं रूबेनच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "माझं कुणी नाही. मी एकटी आहे."

"आई, मी रूबेन," रूबेन मराठीत म्हणाला.

"मी या माणसाला ओळखत नाही." आता तिचा आवाज चढला होता. "ही बाई पण माझी कुणी नाही. यांची छाती चांगली आहे. यांना अडवू नका. यांना जाऊ द्या."

रांगेतली माणसं बघायला लागली. रूबेन पुन्हा पुढे झाला तर तिनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. एवढ्या वाळलेल्या हातांत तेवढा जोर कुठून आला होता, मला माहीत होतं. शेवटी तो बाहेर जाऊन उभा राहिला, तेव्हाच ती शांत झाली आणि अनुयाबरोबर मुकाट्यानं आत गेली.

छातीत गाठ होती. मोठी, पसरलेली. क्षय नव्हता, पण त्यानं काय फरक पडणार? या वयात, या अवस्थेत काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी न्या, त्रास कमी होईल अशी औषधं देतो.

तेव्हापासून रूबेन खोलीत आला की हाना कासावीस होते. "तू अजून इथेच? बोट सुटेल. जा ना. माझ्यापायी थांबू नकोस." ती उठून बसते, खोकते, श्वास लागतो. अनुया तिची पाठ चोळते आणि डोळ्यांनीच नवऱ्याला बाहेर जायला सांगते.

परवा दुपारी दारापाशी दोघं हळू आवाजात बोलत होती.

"सगळ्यांसमोर म्हणाली, हा माझा कुणी नाही," रूबेन म्हणाला.

"आजार बोलतोय रे तो. मनाला लावून घेऊ नकोस."

"मग तुला जवळ बसू देते ती. मलाच का हाकलते? मी काय केलं, अनु? तिला इथे आणलं, घरातून उपटून आणलं, त्याचा राग आहे का?"

उत्तर माझ्याकडे होतं. आयुष्यात मला वाचा नसल्याचं दुःख फार वेळा झालं, पण त्या दुपारी झालं तसं कधी झालं नाही. अरे, ती तुला नाकारत नाही. तिच्या छातीवर डाग आहे आणि तुझी छाती साफ आहे. पाच वर्षांची असताना एकदा तिनं खरं सांगितलं आणि तिचा बाप मागे राहिला. आता ती खोटं सांगते आहे. तू सुटावास म्हणून सांगते आहे. यापेक्षा जास्त माया कशी करतात, मला माहीत नाही.

आज दुपारी औषधाची गुंगी थोडी उतरली. हानानं डोळे उघडले आणि अनुयाकडे बघितलं. बघता बघता तिचा चेहरा लहान झाला.

"आई," ती मराठीत म्हणाली, "मी या वेळी काही बोलले नाही."

अनुयाला काही कळलं नाही, पण तिनं हात हातात घेतला. "बरं केलंस."

"त्या बाईनं विचारलं. गोड बोलून विचारलं. तरी मी सांगितलं नाही."

"शहाणी गं माझी बाई ती."

"आधी मी सांगितलं होतं ना. तेव्हा तू माझ्याशी बोलली नाहीस."

अनुयानं हानाच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग अगदी हळू, एकेक शब्द चाचपून बघितल्यासारखं म्हणाली, "तुझं काही चुकलं नव्हतं. तू लहान होतीस. माझं चुकलं, मी तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

गिटलनं हे कधी म्हटलं नाही. एवढी वर्षं मी वाट बघत होतो. पुण्याच्या एका मुलीनं, कशाबद्दल बोलतोय हे माहीत नसताना, ते म्हटलं.

मला वाटलं, आता हानाला झोप लागेल. पण ती छताकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मग आता पापाला सोडतील?"

अनुयाला वाटलं असेल, हो म्हणावं. पण कुणाला सोडायचं, कुठून, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं नुसता हात घट्ट धरून ठेवला. हाना वाट बघत राहिली, आणि वाट बघता बघता तिचे डोळे मिटले.

आता संध्याकाळ होत आली आहे. मी तिच्या छातीवर पांघरलेला आहे. तिचा श्वास येतो, थांबतो, पुन्हा येतो. लोकर विरली आहे माझी. कोपरापाशी भोकं आहेत, डाव्या खिशाचं अस्तर मुंग्यांनी खाल्लंय. हाना गेल्यावर मला कुणी ठेवेल असं वाटत नाही, आणि ठेवूही नये. जिच्यासाठी मी राहिलो, ती चालली आहे. माझी तक्रार नाही.

एकच मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे, कारण तुम्हाला वाचा आहे. या खोलीच्या दाराबाहेर, चपलांच्या कपाटाला टेकून, तिचा मुलगा जमिनीवर बसला आहे. आत आलो तर आईला त्रास होतो म्हणून तो येत नाही. त्याला वाटतं, आपण तिला नको आहोत. आता तिच्याकडे फार वेळ नाही.

कुणीतरी त्याला आत बोलवा.